टाउनचा लॅक्रॉस क्लब कसा उभा राहतो: मराठी पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मध्य न्यू जर्सीतल्या टाउन क्लबांत आता आपली बरीच मुलं दिसतात. त्यांचे आईबाबा क्रिकेट, बॅडमिंटन, फार तर खो-खो खेळून मोठे झालेले. पोर जाळीची काठी घेऊन घरी आलं की प्रश्न सुरू होतात. मी अशाच एका क्लबच्या मंडळावर हिशेब बघतो, त्यामुळे ते प्रश्न माझ्यापर्यंत येतात, बहुतेक वेळा पार्किंगमध्ये. ते इथे एकत्र केले आहेत. ही नियमावली नव्हे. उत्तरांत माझी मतंही मिसळलेली आहेत आणि ती मंडळातल्या सगळ्यांना पटतात असं नाही.

लॅक्रॉस म्हणजे हॉकीच ना, फक्त काठीला जाळी लावलेली?

हॉकीत चेंडू बहुतेक वेळ जमिनीवर असतो, इथे हवेत. जाळीच्या खिशात चेंडू झेलायचा, तो सांभाळत पळायचं आणि संधी मिळाली की सहा फूट बाय सहा फुटांच्या गोलात फेकायचा. चेंडूला हात फक्त गोलीनं लावायचा. गोलाच्या मागेही मैदान असतं आणि तिथेही खेळ चालू राहतो. पहिल्यांदा बघणाऱ्याचा गोंधळ तिथेच उडतो. मुलांच्या संघात १० जण असतात: गोली, तीन बचावाला, तीन मधल्या फळीत, तीन आक्रमणाला. मुलींच्या पूर्ण संघात १२. मुलांना मर्यादेत धक्काबुक्की चालते, मुलींना अंगावर जाता येत नाही. त्यामुळे दोन्हींची साधनं, नियम आणि डावपेच इतके वेगळे झाले आहेत की एकाच क्लबात जवळजवळ दोन खेळ चालवावे लागतात. क्लब काढताना हे आधी कुणी सांगत नाही.

हा श्रीमंत गोऱ्या कॉलेजांचा खेळ आहे, खरं ना?

आज तसं चित्र दिसतं खरं, पण खेळ कॉलेजांचा नाही. तो उत्तर अमेरिकेतल्या आदिवासी राष्ट्रांचा आहे, त्यातही आपल्या जवळचं नाव म्हणजे हौदेनोशौनी: मोहॉक, ओनायडा, ऑनोंडागा, कयुगा, सेनेका आणि टस्करोरा या सहा राष्ट्रांचा महासंघ. सतराव्या शतकात आलेल्या फ्रेंच मिशनऱ्यांनी या प्रदेशात असा खेळ पाहिल्याच्या नोंदी केल्या, तेव्हा तो आधीच जुना झालेला होता. हौदेनोशौनी लोक तो सृष्टिकर्त्याच्या आनंदासाठी खेळतात, कुणी आजारी असेल तर त्याच्यासाठीही खेळ मांडतात. हिकरी लाकडाची काठी वाफेवर वाकवून घडवायला कित्येक महिने लागतात, आणि मुलगा जन्मला की पाळण्यात छोटी काठी ठेवायची पद्धत आहे.

क्लबांचा इतिहास मात्र माँट्रियलला सुरू होतो. माँट्रियल लॅक्रॉस क्लब १८५६ साली निघाला. तिथल्याच विल्यम जॉर्ज बीअर्स या दंतवैद्यानं १८६० मध्ये नियम छापले, मैदान आणि खेळाडूंची संख्या ठरवली, कातडी चेंडूऐवजी रबरी आणला. १८६७ मध्ये कॅनडाची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. पुढचा भाग वाईट आहे. १८८० मध्ये त्या संघटनेनं फक्त 'हौशी' खेळाडूंना जागा ठेवली. आदिवासी संघ प्रवासखर्चासाठी पैसे घेऊन खेळत असत, म्हणून ते व्यावसायिक ठरले आणि ज्यांचा खेळ तेच स्पर्धेबाहेर गेले. १९८३ मध्ये इरोक्वा नॅशनल्स (इरोक्वा हे हौदेनोशौनींचंच दुसरं नाव) हा त्यांचा स्वतःचा राष्ट्रीय संघ उभा राहिला आणि १९९० मध्ये तो जागतिक अजिंक्यपदाला उतरला. २०१० मध्ये मँचेस्टरच्या स्पर्धेला त्यांना जाताच आलं नाही, कारण ब्रिटननं त्यांचे हौदेनोशौनी पासपोर्ट मानले नाहीत. आता संघाचं नाव हौदेनोशौनी नॅशनल्स आहे आणि तो जगातल्या बलाढ्य संघांत गणला जातो.

हे सगळं इथे लांबवलं त्याला एक व्यावहारिक कारण आहे. नवा क्लब निघाला की पहिल्याच बैठकीत नाव आणि चिन्ह ठरतं, आणि कुणीतरी उत्साहानं पिसांचा मुकुट किंवा टॉमहॉक, म्हणजे आदिवासींची कुऱ्हाड, सुचवतं. तेव्हा नाही म्हणा. ससाणा, अस्वल, वादळ, काहीही घ्या.

टाउनमध्ये क्लब सुरू तरी कसा होतो? सरकार काढतं का?

सरकार काढत नाही. काही ठिकाणी टाउनचा रिक्रिएशन विभाग स्वतः कार्यक्रम चालवतो, पण बहुतेक क्लब पालकांनी काढलेले असतात. गोष्ट साधारण सारखीच. टाउनच्या हायस्कूलमध्ये लॅक्रॉसचा संघ सुरू होतो. नववीतली मुलं पहिल्यांदा काठी धरतात आणि दुसरीपासून खेळणाऱ्या शेजारच्या टाउनकडून दणकून हरतात. मग दोन-चार पालक ठरवतात की खालपासून सुरुवात करायची. त्यांच्यातला एक जण हमखास बाल्टिमोर, लाँग आयलंड किंवा सिराक्यूजच्या बाजूला, जिथे हा खेळ मुरलेला आहे, वाढलेला असतो. त्याच्या गॅरेजमध्ये जुन्या काठ्या असतात आणि त्याच्या डोक्यात हा खेळ सगळ्यांनी खेळलाच पाहिजे हे पक्कं बसलेलं असतं. अशा माणसाशिवाय क्लब निघत नाही. आणि तोच माणूस दहा वर्षं अध्यक्ष राहिला तर क्लब वाढत नाही, हेही खरं.

सुरुवातीला किती मुलं लागतात?

मुलांचा दहा जणांचा पूर्ण संघ उतरवायचा तर यादीत अठरा-वीस नावं हवीत. कुणाचा वाढदिवस, कुणाचा ताप, कुणाची बुद्धिबळ स्पर्धा असतेच. म्हणून शहाणा क्लब मोठ्या मुलांपासून सुरू करत नाही. यूएसए लॅक्रॉस ही देशाची मध्यवर्ती संस्था लहानांना छोट्या मैदानावर, कमी जणांत खेळवा असं सांगते. दहा वर्षांखालच्यांचा सामना सात विरुद्ध सात, मोठ्या मैदानाच्या आडव्या पट्ट्यात होतो. त्याहून लहानांना आणखी कमी जण पुरतात. बारा पोरं जमली तरी वसंत ऋतूचा हंगाम निघतो, आणि प्रत्येकाच्या काठीत चेंडू येतो. मोठ्या मैदानावर आठ वर्षांची वीस मुलं सोडली तर तिघं खेळतात आणि सतरा जण गवत उपटतात.

कागदपत्रं काय करावी लागतात?

कंटाळवाणी, पण अवघड नाहीत. आधी राज्याकडे विनानफा संस्था म्हणून नोंदणी, मग आयआरएसकडून, म्हणजे केंद्राच्या करखात्याकडून, ईआयएन हा संस्थेचा करक्रमांक, मग बँकेत खातं. करमाफीसाठी ५०१-सी-३ दर्जा मागायचा. वर्षाची जमा ५० हजार डॉलरच्या आत राहील असा अंदाज असेल तर १०२३-ईझेड हा छोटा अर्ज चालतो, त्याचं शुल्क २७५ डॉलर. मोठ्या अर्जाचं ६००. त्यानंतर लहान क्लबानं दरवर्षी ९९०-एन हे छोटंसं पत्रक ऑनलाइन भरायचं. काम पाच मिनिटांचं, पण सलग तीन वर्षं विसरलं तर करमाफी आपोआप रद्द होते. खजिनदार बदलला की हे विसरतंच, त्यामुळे पासवर्ड दोघांकडे असू द्या.

पैशांबाबत आणखी एक सांगतो, कारण इथे आपण मराठी माणसं उगीच संकोचतो. चेकवर किंवा ऑनलाइन व्यवहारावर दोन जणांची मंजुरी ठेवा आणि बँकेचं स्टेटमेंट खजिनदाराव्यतिरिक्त एकानं दर महिन्याला बघावं. यात कुणावर अविश्वास नाही. मी स्वतः खजिनदार आहे आणि दुसऱ्या डोळ्यांमुळे मला रात्री शांत झोप लागते.

विमा, पार्श्वभूमी तपासणी वगैरे खरंच करतात की नुसतं फॉर्मवर लिहितात?

करतात, आणि न करणाऱ्या क्लबात मूल घालू नका. २०१८ च्या सुरुवातीला अमेरिकेत सेफ स्पोर्ट कायदा झाला, जिम्नॅस्टिक्समधल्या लैंगिक छळाच्या भयानक प्रकरणानंतर. त्यामुळे राष्ट्रीय क्रीडासंस्थांशी जोडलेल्या क्लबांत मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रौढांना लैंगिक छळाचा संशय आला तर २४ तासांच्या आत कळवणं बंधनकारक आहे. 'आधी अध्यक्षांशी बोलतो' ही सबब चालत नाही. प्रशिक्षकानं मुलाला एकट्याला मेसेज करायचा नाही, पालक त्या मेसेजमध्ये हवेत. एकट्या मुलाला गाडीतून सोडायचं तर तसं आधी लेखी ठरलेलं हवं. आपल्याकडे 'सरांनी सोडलं, किती चांगले आहेत' म्हणायची सवय आहे. ती इथे बाजूला ठेवायची.

यूएसए लॅक्रॉसच्या सदस्यत्वाबरोबर खेळाडूला आणि प्रशिक्षकाला अपघात व दायित्वाचा विमा मिळतो. टाउन मैदान देताना त्या विम्याचं प्रमाणपत्र मागतंच.

मला हा खेळ येत नाही. मी प्रशिक्षक होऊ शकतो का?

हो, आणि लहान गटांत खेळ न येणारे पालकच जास्त असतात. यूएसए लॅक्रॉसचं प्राथमिक प्रशिक्षण बरंचसं ऑनलाइन होतं. न्यू जर्सीत आणखी एक सोय आहे. इथल्या १९८६ च्या कायद्यानुसार विनामूल्य काम करणाऱ्या प्रशिक्षकाला दाव्यांपासून काही प्रमाणात संरक्षण मिळतं, पण त्यानं सुरक्षिततेचं ठराविक प्रशिक्षण घेतलेलं असेल तरच. रटगर्स विद्यापीठाचं तीन तासांचं 'सेफ्टी क्लिनिक' यासाठीच असतं आणि बहुतेक टाउन ते सक्तीचं करतात.

खेळ न येणाऱ्याचा एक फायदाही असतो. तो मुलांबरोबर शिकतो, त्यामुळे चेंडू सुटला म्हणून ओरडत नाही. कॉलेजात खेळलेला बाबा सात वर्षांच्या पोराला झोन डिफेन्स, म्हणजे खेळाडूऐवजी जागा सांभाळायचा बचाव, समजावत बसतो.

लागत नाही का हो? चेंडू दगडासारखा दिसतो.

चेंडू भरीव रबराचा, साधारण १४२ ते १४९ ग्रॅम वजनाचा, म्हणजे सीझन बॉलपेक्षा थोडासाच हलका. तो लागतो. म्हणून मुलांना हेल्मेट, हातमोजे, खांदे-छातीचं पॅड, कोपरांची पॅड आणि दातांचं संरक्षक सक्तीचं आहे. मुलींना डोळ्यांवर जाळीचा चष्मा आणि दातांचं संरक्षक. मुलींच्या गोलीला हेल्मेटसकट सगळं.

सर्वांत गंभीर धोका डोक्याचा वाटतो, पण दुसराही एक आहे. छातीवर, हृदयाच्या नेमक्या वर, ठोक्यांच्या मधल्या काही मिलिसेकंदांच्या फटीत चेंडू बसला तर निरोगी मुलाचं हृदयही थांबू शकतं. याला कमोशिओ कॉर्डिस म्हणतात. हे क्वचितच घडतं, पण खेळ बदलण्याइतकं घडलं आहे. म्हणूनच २०२२ पासून मुलांच्या खेळात छातीचं पॅड एनडी-२०० मानकाचं असावं लागतं. गोलींना हा नियम एक वर्ष आधीच लागू झाला. तेव्हा चुलतभावाचं जुनं पॅड मिळालं तर आतलं लेबल बघा. लेबल नसेल तर ते दिवाळीच्या नाटकात मावळ्यांच्या चिलखताला वापरा, मैदानावर नको.

पॅडनं धोका कमी होतो, संपत नाही. छाती दाबणं आणि एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, हेच खरं औषध. हृदय थांबल्यावर उपचाराविना जाणाऱ्या दर मिनिटाला जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. तुमच्या क्लबला एकच प्रश्न विचारा: 'आज, या मैदानावर, एईडी कुठे आहे?' 'शाळेच्या इमारतीत' असं उत्तर आलं आणि संध्याकाळी सहाला इमारतीला कुलूप असेल, तर ते यंत्र नसल्यातच जमा.

डोक्याच्या धक्क्याचं म्हणाल तर वॉशिंग्टन राज्यानं २००९ मध्ये पहिला कायदा केला आणि काही वर्षांत सगळ्या राज्यांत तसे कायदे आले. संशय आला की मूल त्या दिवशी मैदानाबाहेर, आणि परत यायचं ते वैद्यकीय जाणकाराच्या लेखी परवानगीनंच. 'तो ठीक आहे म्हणतोय' याला किंमत नाही. ठीक नसलेली मुलंच ते सर्वांत जोरात म्हणतात.

मुलींसाठी वेगळा क्लब लागतो का?

क्लब एकच असावा, पण मुलींचा विभाग 'नंतर बघू' म्हणून ठेवलात तर तो नंतर होत नाही. मुलींचा खेळ १८९० मध्ये स्कॉटलंडच्या सेंट लेनर्ड्स शाळेत सुरू झाला आणि १९२६ मध्ये रोझाबेल सिंक्लेअर या शिक्षिकेनं तो बाल्टिमोरच्या ब्रिन मॉर शाळेत रुजवला. शिक्षणात मुलींना समान संधी देणाऱ्या १९७२ च्या टायटल नाइन कायद्यानंतर शाळा-कॉलेजांना मुलींचे संघ वाढवावे लागले आणि हा खेळ पसरला. आपल्या मुलींना आधी संधी मिळते ती याच कारणानं: बऱ्याच टाउनमध्ये मुलींच्या यादीत जागा रिकाम्या असतात. पण मैदानाचं वेळापत्रक बघा. सोमवारी साडेसहाची चांगली वेळ मुलांना आणि शुक्रवारी उशिराची मुलींना असं दिसलं, तर मंडळाच्या बैठकीत बोला. कुणी मुद्दाम केलेलं नसतं, आधीच्या वर्षाचा तक्ता तसाच उतरवलेला असतो.

मैदान मिळवणं इतकं अवघड का?

लॅक्रॉसचा हंगाम मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे नेमका बेसबॉल, सॉफ्टबॉल आणि स्प्रिंग सॉकरच्या वेळी. जुन्या क्लबांना आधी मैदानं मिळतात, नव्याला उरलेलं. सॉकरवाल्यांशी भांडण काढू नका. तीच मुलं, तेच पालक, तोच टाउनचा अधिकारी. आम्ही शिकलो ते एवढंच, की रिक्रिएशन विभागाच्या बैठकीला डिसेंबरात हजर राहणाऱ्याला मार्चमध्ये मैदान मिळतं.

क्लब वाढतो कशानं? चषक जिंकल्यानं?

याच प्रश्नासाठी मी हे पान लिहायला घेतलं. चषकांनी क्लब वाढत नाही. तो सर्वांत खालच्या वयोगटानं वाढतो. पहिली-दुसरीची तीस मुलं आली, तर त्यातली निम्मी गळाली तरी सहावीत संघ उभा राहतो. तिथे आठच आली, तर सहावीत संघच नाही, मग गेल्या वर्षी काय जिंकलं याला अर्थ नाही. तरीही मंडळांचा वेळ, चांगले प्रशिक्षक आणि चांगली मैदानं जातात आठवीच्या 'अ' संघाकडे, कारण मंडळावरच्या लोकांची मुलं तोवर आठवीत गेलेली असतात.

खालचा गट भरतो कसा? शाळेच्या व्यायामशिक्षकांनी दोन तास प्लास्टिकच्या काठ्या आणि मऊ चेंडू वापरून खेळ शिकवला की. पहिल्या वर्षी साधनं उसनी दिली की. यूएसए लॅक्रॉसच्या 'फर्स्ट स्टिक' योजनेतून नव्या संघांना साधनांची मदत मिळते, तिचा अर्ज बघा. आणि सर्वांत जास्त भरतो एका मुलानं शेजारच्याला आणलं की. आमच्याकडे मराठी कुटुंबं अशीच आली. एका वहिनींनी गणपतीच्या आरतीनंतर विषय काढला आणि पुढच्या वसंतात एकाच गल्लीतून गाडीभर मुलं मैदानावर.

उलट क्लब फुटतो तो निवड चाचण्यांवरून. दहा वर्षांखालच्यांत 'अ' आणि 'ब' संघ केले की 'ब'मधली मुलं पुढच्या वर्षी टेनिसला जातात. मग 'अ'ला 'ब' संघच उरत नाही आणि सरावाला समोर कोण, असा प्रश्न येतो. माझं मत विचाराल तर पाचवीपर्यंत संघ सारखे वाटावेत. या मुद्द्यावर मंडळात दरवर्षी भांडण होतं आणि दरवर्षी मी हरत-जिंकत असतो.

पैसे नसलेल्या वस्तीत हा खेळ रुजतो का?

रुजतो, पण टाउन क्लबाच्या पद्धतीनं नाही. न्यूयॉर्कचं उदाहरण घ्या. २००८ मध्ये सायमन कटाल्डो या विशेष शिक्षणाच्या तरुण शिक्षकानं हार्लेममधल्या फ्रेडरिक डग्लस अकॅडमीत लॅक्रॉसचा संघ काढला. वर्गात ज्यांचं जमत नव्हतं अशी मुलं त्यानं आधी घेतली. त्यातून पुढे हार्लेम लॅक्रॉस ही संस्था झाली आणि बाल्टिमोर, बॉस्टन, लॉस एंजेलिस, फिलाडेल्फियापर्यंत पसरली. तिची रचना बघण्यासारखी आहे: प्रशिक्षक संध्याकाळी येऊन जाणारा स्वयंसेवक नसतो, तो दिवसभर शाळेतच असलेला पगारी माणूस असतो. तो गृहपाठ बघतो, हजेरी बघतो, शिक्षकांशी बोलतो, घरी फोन करतो. सराव हा त्या दिवसाचा शेवटचा भाग.

आमच्यासारख्या क्लबात हे सगळं पालक करतात, फुकट, आणि म्हणून दिसत नाही. जिथे आईबाबा दोन-दोन नोकऱ्या करतात तिथे ते कुणाला तरी पगार देऊनच करावं लागतं. नुसत्या काठ्या दान करून क्लब उभा राहत नाही.

पैसा कमी असलेल्या ठिकाणांत युगांडाचंही नाव इथे घ्यायला हवं. २०१४ मध्ये डेन्व्हरच्या जागतिक स्पर्धेत खेळलेला तो आफ्रिकेतला पहिला देश.

ट्रॅव्हल टीम म्हणजे काय? घालावं का?

टाउन क्लब पत्त्यावरून मुलं घेतो, ट्रॅव्हल क्लब निवड करून. तो बहुधा धंदा असतो, प्रशिक्षक पगारी, स्पर्धा लांबच्या गावी, खर्च वर्षाला काही हजार डॉलर, हॉटेलं वेगळी. काही मुलांना त्याचा खरा उपयोग होतो. चौथीतल्या मुलाला नाही, असं मी बेधडक सांगतो.

यातून कॉलेजला प्रवेश मिळतो का? स्कॉलरशिप?

हा प्रश्न पहिल्या सरावाच्या आधीच येतो, कधीकधी काठी घ्यायच्याही आधी. तेव्हा सरळ सांगतो. आयव्ही लीगमधली विद्यापीठं खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. डिव्हिजन थ्री, म्हणजे कॉलेज खेळाच्या तिसऱ्या पातळीवरची, कॉलेजंही देत नाहीत, आणि लॅक्रॉसचे बरेच संघ तिथेच आहेत. सर्वांत वरच्या डिव्हिजन वनमध्ये पुरुषांच्या एका संघाला कित्येक वर्षं जास्तीत जास्त १२.६ शिष्यवृत्त्यांची मुभा होती आणि त्या चाळीस-पन्नास जणांत वाटल्या जात. २०२५ मध्ये नियम बदलले, पण म्हणून प्रत्येक कॉलेज पैसे ओतेल असं नाही. चांगले गुण आणि खेळ दोन्ही असतील तर प्रवेशाच्या दारात प्रशिक्षकाचा शब्द उपयोगी पडतो, इतकं खरं.

दुसरं: पूर्वी आठवी-नववीतल्या मुलांना तोंडी आश्वासनं दिली जायची. २०१७ मध्ये एनसीएए या कॉलेज खेळांच्या संस्थेनं ते थांबवलं. आता डिव्हिजन वनचे प्रशिक्षक अकरावीच्या वर्षाच्या १ सप्टेंबरपूर्वी मुलाशी भरतीबद्दल बोलू शकत नाहीत. सहावीतल्या मुलाला 'रिक्रूटिंग शोकेस' (कॉलेज प्रशिक्षकांच्या नजरेत यायचे सामने) विकायला कुणी आलं तर ही तारीख आठवा.

सामने रविवारी असतात. मराठी शाळेचं काय?

खरी अडचण आहे. वेळापत्रक लीग ठरवते, आम्ही नाही. पण हंगामाआधी ज्या तारखा नको असतील त्या कळवायची मुभा असते. वार्षिक परीक्षेचा आणि संमेलनाचा रविवार फेब्रुवारीतच कळवा. एप्रिलमध्ये कळवलं तर काही होत नाही. बाकी रविवारी शाळेतून थेट मैदानावर येणारी मुलं गाडीतच कपडे बदलतात आणि बाराखडीची वही मोज्यांच्या पिशवीत सापडते.

पंचांवर ओरडलं तर चालतं का?

नाही. शेवटी तो पंच बऱ्याचदा पंधरा वर्षांचा मुलगाच असतो. हायस्कूल संघटनांच्या राष्ट्रीय महासंघाच्या अंदाजानुसार २०१८ ते २०२२ च्या दरम्यान सगळ्या खेळांत मिळून सुमारे ५० हजार पंचांनी काम सोडलं. पंच नाही तर सामना नाही. आमच्याकडे ओरडणाऱ्या पालकाला पुढचे सामने पार्किंगमधून बघावे लागतात.

हा खेळ ऑलिंपिकमध्ये आहे का?

१९०४ आणि १९०८ मध्ये पदकांसाठी होता, दोन्ही वेळा सुवर्ण कॅनडाला; १९०४ मध्ये कांस्य मिळवणारा संघ मोहॉक खेळाडूंचा होता. त्यानंतर १९२८, १९३२ आणि १९४८ मध्ये केवळ प्रदर्शनीय. आता २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो परत येतोय, आणि हा निर्णय झाला मुंबईत, ऑक्टोबर २०२३ च्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात. त्याच बैठकीत क्रिकेटही आलं. भारतातल्या बातम्यांत अर्थातच क्रिकेटखेरीज काही दिसलं नाही.

तिथे 'सिक्सेस' हा छोटा प्रकार असेल: सहा विरुद्ध सहा, ७० बाय ३६ मीटरचं मैदान, आठ-आठ मिनिटांचे चार भाग, चेंडू मिळाल्यावर ३० सेकंदांत गोलावर मारायचा. हौदेनोशौनी संघाला स्वतःच्या झेंड्याखाली खेळू द्यावं, अशी मागणी आहे आणि डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष बायडन यांनी तिला जाहीर पाठिंबा दिला. ऑलिंपिकचे नियम मात्र राष्ट्रीय ऑलिंपिक समिती असलेल्यांनाच ओळखतात.

सुट्टीत पुण्याला गेलो तर सराव बुडतो. काय करावं?

काठी चेक-इन सामानात टाका, इथल्या विमानतळावर ती केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. तिथे एक भिंत शोधा. भिंतीवर चेंडू मारून झेलायचा, उजव्या हातानं आणि डाव्या हातानं; हा सराव मोठे खेळाडूही रोज करतात. सोसायटीच्या कंपाउंडची भिंत चालते, पण दुपारी दोन ते चार नको आणि टेनिसचा चेंडू घ्या. सेक्रेटरी काकांना आधी सांगून ठेवलेलं बरं.

आजी-आजोबा आले आहेत, सामन्याला आणू का?

जरूर आणा. एप्रिलमधल्या संध्याकाळी इथे थंडी असते, तेव्हा शाल आणि घडीची खुर्ची. प्रेक्षकांनी संघांच्या बाकांच्या समोरच्या बाजूला बसायचं. गोलाच्या मागे उभं राहायला कुणालाच परवानगी नाही, चुकलेला चेंडू तिकडेच जातो. आणि नातवाला धक्का बसला म्हणून आजी मैदानात शिरायला निघाल्या तर त्यांना हळूच धरा. नातू बहुतेक त्याआधीच उठून पळालेला असतो.